हॉटेलात भूत उतरवण्याआधी मरणांचा तक्ता मांडा

प्रति,
जुनं हॉटेल भाड्यानं घेऊन भुताटकीचा स्लॅशर सिनेमा करायला निघालेले सर्व निर्माते, दिग्दर्शक आणि कार्यकारी निर्माते यांस,

स. न. वि. वि.

तुमच्या संहितेत बहुतेक वेळा एक पडीक हॉटेल असतं, त्यातल्या एका खोलीवर जुना शाप असतो, मुक्कामाला आलेली सहा-सात माणसं असतात आणि त्यातलं एकच सकाळ बघतं. या गोष्टीबद्दल आमची तक्रार नाही. आम्हाला हे सिनेमे मनापासून आवडतात, म्हणूनच त्यात तंत्रज्ञ म्हणून राबतो. तक्रार आहे ती तयारीबद्दल. भूत कसं दिसेल यावर महिनोन्‌महिने चर्चा होते, आणि माणूस कसा मरेल हे मात्र त्या रात्री सेटवर ठरतं. पैसा तिथंच वाहून जातो आणि माणसंही तिथंच जखमी होतात. चित्रीकरणाची तारीख धरण्याआधी, संहितेतल्या प्रत्येक मरणासाठी एक पान, असा मरणांचा तक्ता तयार करा, एवढीच आमची मागणी आहे. त्या पानावर काय काय हवं, ते या पत्रात लिहिलं आहे.

आपल्याकडे हा प्रकार नवा नाही. भुताच्या हिंदी सिनेमांसाठी ओळखल्या जाणाऱ्या रामसे बंधूंचा 'दो गज जमीन के नीचे' १९७२ साली आला, तो महाबळेश्वरला चित्रित झाला होता. कबरस्तानाच्या जागेवर उभ्या राहिलेल्या हॉटेलाची गोष्ट सांगणारा त्यांचा 'हॉटेल' १९८१ सालचा. लेखन, दिग्दर्शन, कॅमेरा, ध्वनी, संकलन ही खाती सात भावांनी आपसांत वाटून घेतली होती. त्यांच्या काटकसरीचं मूळ आमच्या मते इथंच आहे. लिहिणारा, कॅमेऱ्यामागचा आणि कापणारा एकाच घरातले असले की न जमणारी गोष्ट कागदावरच अडते. तुमच्याकडे सात भाऊ नाहीत. एकमेकांना पहिल्यांदाच भेटणारे खातेप्रमुख आहेत, म्हणून तुम्हाला कागद लागेल.

आधी वेळेचा हिशेब करू. सात मरणं आहेत आणि प्रत्येकाचे तीन टेक होतात असं धरा. पहिल्या टेकनंतर नटाचा चेहरा, केस, कपडे, फरशी आणि हत्यार पुन्हा कोरं करायला पाऊण तास लागतो, दुसऱ्यानंतर पुन्हा तेवढाच. म्हणजे एका मरणामागे दीड तास, सातांमागे साडेदहा तास. जवळजवळ एक अख्खी शिफ्ट फक्त पुसण्यात गेली, आणि ती तुमच्या वेळापत्रकात कुठंच लिहिलेली नसते. मग शेवटच्या दोन रात्री सगळे चोवीस-चोवीस तास उभे असतात. अपघात होतात ते तेव्हाच.

म्हणून तक्त्यातला पहिला रकाना 'पुसायला किती मिनिटं' हा असू द्या. दुसरा 'कपड्यांचे किती जोड'. रक्त लागणाऱ्या प्रत्येक नटाचे एकसारखे तीन जोड लागतातच: एक कोरा, एक माखलेला, एक राखीव. स्टंटसाठी दुसरा माणूस उभा राहणार असेल तर त्याच्या मापाचा चौथा. कापड धुतल्यावर रंग उतरतो, त्यामुळे तिन्ही जोड नवे कोरे न वापरता सारख्याच वेळा धुऊन घ्यावे लागतात. त्या खोलीतले कोरे शॉट सगळ्या कोनांतून आधी उरकायचे, रक्ताला शेवटी हात लावायचा. गोष्टीच्या क्रमानं चित्रीकरण करण्याचा मोह इथं परवडत नाही.

आता रक्त. तयार रक्त महाग पडतं म्हणून ते सेटवर घाईत कालवलं जातं आणि पडद्यावर रूह अफ्झासारखं दिसतं. चांगलं रक्त स्वस्तात होतं, फक्त आदल्या दिवशी करावं लागतं. बेकरीचं सामान मिळतं त्या दुकानातून लिक्विड ग्लुकोज आणा. एक लिटर ग्लुकोजला साधारण पाव लिटर कोमट पाणी, आणि खाण्याचा लाल रंग थोडा थोडा करत. एवढ्यावर ते गुलाबी दिसतं. दोन चहाचे चमचे कोको पावडर थोड्या पाण्यात कालवून घाला, मग ते अपारदर्शक आणि गडद होतं. निळ्या रंगाचे दोन-तीन थेंब पुरतात. त्याहून जास्त पडले तर जांभळट छटा येते आणि ती परत जात नाही. पांढऱ्या बशीत एक थेंब ओघळू द्या. कडेला गुलाबी पाणी सुटलं तर ते पातळ आहे, जागचं हललंच नाही तर घट्ट.

हे रक्त तोंडात चालतं. कपड्यांवर आणि फरशीवर ओतायच्या रक्तात भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब घालतात, कारण साबणामुळे ते कापडात नीट पसरतं आणि धुताना लवकर सुटतं. अर्थात ते तोंडात जाता कामा नये. दोन वेगळ्या रंगांच्या झाकणांच्या बाटल्या ठेवा, वर मोठ्या अक्षरांत 'तोंडासाठी' आणि 'अंगासाठी' लिहा, आणि भरायचं काम एकाच माणसाकडे द्या. साखरेचं रक्त तोंडात घेणाऱ्या नटाला मधुमेह आहे का, हे आधी विचारा.

ग्लुकोजच्या रक्ताला मुंग्या लागतात, माश्या बसतात, आणि दिव्यांच्या उष्णतेत ते तासाभरात चिकट होऊन कातडीला कापड धरून ठेवतं. नटानं हात हलवला की केस ओढले जातात. बाथटब भरायचा असेल किंवा जिन्यावरून धार सोडायची असेल तर ग्लुकोज विसरा. त्यासाठी खाद्यपदार्थ दाट करायची सीएमसी पावडर घ्या, लिटरला दहा ते वीस ग्रॅम. ती थेट पाण्यात टाकली की गुठळ्या होतात आणि त्या गुठळ्या पडद्यावर साबुदाण्यासारख्या दिसतात. आधी थोड्या ग्लिसरीनमध्ये मळून घ्या, मग पाण्यात ढवळत सोडा आणि रात्रभर मुरू द्या. हे मिश्रण नासतं. फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा.

रक्त करून झालं की ज्या दिव्याखाली ते दिसणार आहे त्याच दिव्याखाली, त्याच कॅमेऱ्यातून तपासा. निळ्या 'चांदण्यात' लाल रंग काळा पडतो. स्वस्त एलईडीत लाल भाग दुबळा असतो, त्यामुळे तेच रक्त विटकरी किंवा तपकिरी दिसतं. एडिटमध्ये लाल चढवायला गेलात तर नटांचे चेहरेही लालबुंद होतात. निळी रात्र हवीच असेल तर त्या चौकटीत एक पिवळा दिवा ठेवा, म्हणजे बेडजवळचा किंवा दाराबाहेरचा, आणि रक्त त्या उजेडात सांडू द्या.

हॉटेलच्या भिंतीवर थेट रक्त मारू नका, ही आमची कळकळीची विनंती आहे. जुन्या डिस्टेंपरमध्ये खाण्याचा रंग मुरतो, वर पांढरा हात मारला तरी काही दिवसांत गुलाबी डाग पुन्हा वर येतो. संगमरवर आणि टाइल्सच्या सांध्यांतलं सिमेंट तर रंग पिऊनच टाकतं. चार मिलिमीटरच्या प्लायचे आठ बाय चार फुटांचे दोन पडदे भिंतीच्याच रंगात रंगवा, मुळातल्या भिंतीसमोर उभे करा आणि शिंतोडे त्यांच्यावर घ्या. जमिनीवर आधी जाड प्लास्टिक, त्यावर गालिच्याचा फेकून देता येईल असा तुकडा. पुसताना थंड पाणी आणि साबण, आणि कोरड्या जागेकडून डागाच्या मध्याकडे. उलट पुसलं की डाग दुप्पट होतो. हे सगळं केलं नाही तर पहाटे तुम्ही झोपायला जाता आणि हॉटेलच्या सफाई कामगार बाया गुडघ्यांवर बसून तुमचा सिनेमा घासत असतात. त्यांना त्याचे पैसे मिळत नाहीत. तक्त्यात 'सफाई कोण करणार आणि त्याची मजुरी किती' हा रकाना ठेवा.

हत्यारं तीन प्रतींत लागतात. खरी धार फक्त अशा क्लोज-अपला, ज्यात चौकटीत किंवा हाताच्या टप्प्यात दुसरं माणूस नाही. मधल्या शॉटसाठी धार घालवलेलं अॅल्युमिनियम, झटापटीसाठी रबर किंवा फोम. तिन्ही एकसारखी रंगवलेली असल्यामुळे अंधारात अदलाबदल होते. मुठीवर आतल्या बाजूनं वेगवेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावा, आणि प्रत्येक टेकआधी कला विभागाच्या माणसानं ते हत्यार स्वतःच्या तळहातावर दाबून सगळ्यांसमोर दाखवावं. पातं आत जाणाऱ्या स्प्रिंगच्या सुऱ्यांवर विसंबू नका. साखरेचं रक्त आत गेलं की स्प्रिंग अडकते आणि तो साधा टणक सुरा उरतो. पातं शरीराला टेकवून सुरुवात करा, हात झटक्यात मागे खेचा आणि शॉट उलटा चालवा. वार खरा वाटतो आणि कोणाच्या अंगावर काही येत नाही.

रक्ताची चिळकांडी हवी असेल तर पन्नास मिलिलिटरची सिरिंज आणि मत्स्यटाकीत हवा सोडायची नळी वापरा. सलाईनची नळी बारीक पडते, दाट रक्त तिच्यातून रेटताना सांध्यातून निसटतं आणि कपड्याच्या आत भलत्याच जागी फुटतं. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर रक्त धारेनं न येता थुंकल्यासारखं येतं. जोडण्याआधी नळी पूर्ण भरून टोकाशी एक थेंब दिसू द्या.

वीज हा सगळ्यात धोक्याचा विषय, आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा. जुन्या हॉटेलात अख्ख्या मजल्याचा पॅसेज कधीकधी एकाच दहा अॅम्पियरच्या एमसीबीवर (जास्त भार आला की आपोआप पडणाऱ्या स्विचवर) असतो. २३० व्होल्टला दोन किलोवॅटचा दिवा पावणेनऊ अॅम्पियर खातो. म्हणजे एक दिवा लागला आणि खालच्या खोलीत कोणी दोन किलोवॅटचा गीझर चालू केला की मिळून सतरा अॅम्पियरच्या वर जातं. एमसीबी पडला तर नशीब समजा. त्या जागी कोणीतरी जाड तारेचा फ्यूज घातलेला असेल तर भिंतीतली वायर तापते. पाहणीच्या दिवशी परवानाधारक वायरमनला सोबत न्या, पॅनेल उघडून बघा, कोणता स्विच कुठल्या खोलीचा ते लिहून काढा. शक्यतो हॉटेलच्या लाइनवर फक्त मेकअपरूम ठेवा आणि दिवे जनरेटरवर. बाथरूम, टब, ओली फरशी जिथं आहे तिथं ३० मिलिअॅम्पियरचं आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असलेलाच बोर्ड वापरा, आणि टेकआधी त्याचं टेस्टचं बटण दाबून बघा.

माथेरानसारख्या ठिकाणी हे गणित आणखी बदलतं. मोटारी दस्तुरी नाक्याला थांबतात, जनरेटर व्हॅन हॉटेलपर्यंत येत नाही, सामान हातगाडीनं किंवा घोड्यावरून जातं. तिथं करायचं तर बॅटरीवरचे एलईडी धरूनच दृश्यं लिहा. महाबळेश्वरला पावसाळ्यात हॉटेलचं भाडं उतरतं आणि धुकं फुकट मिळतं, हे खरं. पण ते धुकं दोन शॉट सारखं राहत नाही, मुखवट्याचं लेटेक्स वाळायला दुप्पट वेळ घेतं, आणि एसीच्या खोलीतला कॅमेरा दमट पॅसेजमध्ये आणला की लेन्सवर वाफ धरते. कॅमेरा बॅगेत बंद ठेवून अर्धा-पाऊण तास आधी बाहेर आणून ठेवा.

लुकलुकणारी ट्यूब प्रत्येक भुताच्या सिनेमात असते. ती हॉटेलच्या ट्यूबचा स्टार्टर सैल करून मिळवू नका. आपली वीज ५० हर्ट्‌झची, चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मिणमिणते. सेकंदाला २४ फ्रेम घेताना शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड मिळण्याचा काळ) १८० अंशांवर ठेवला तर चित्रात नको ते लहरते पट्टे येतात. शटर १७२.८ अंशांवर, म्हणजे एक पन्नासांश सेकंदावर आणा. आणि लुकलुक हवी तिथं ट्यूबसारखी दिसणारी, कन्सोलवरून चालणारी एलईडी पट्टी लावा. तिची लय तुमच्या हातात राहते आणि संकलनात जुळते.

धूर. फॉग मशीनचा धूर आणि आगीचा धूर यांत हॉटेलच्या छतावरच्या डिटेक्टरला फरक कळत नाही. अलार्म वाजतो, टेक जातो, मग कोणीतरी शिडीवर चढून डिटेक्टरला पॉलिथिनची पिशवी आणि रबरबँड लावतो. ती पिशवी पॅकअपनंतर तशीच राहते. पुढच्या आठवड्यात त्या मजल्यावर खरे पाहुणे झोपलेले असतात आणि डिटेक्टर आंधळा असतो. भुताच्या सिनेमातली आम्हाला माहीत असलेली सगळ्यात भयंकर गोष्ट हीच. डिटेक्टर झाकायचाच असेल तर व्यवस्थापकाच्या लेखी परवानगीनं, फक्त त्या मजल्यावरचे, आणि किती झाकले तो आकडा पॅसेजच्या तोंडाशी फळ्यावर. जितका वेळ ते झाकलेले आहेत तितका वेळ एक माणूस दुसरं कुठलंही काम न करता अग्निशामक नळकांडं घेऊन उभा. वायरिंगसाठी कार्बन डायऑक्साइडचं, पडदे-गाद्यांसाठी पाण्याचं. पॅकअपला पिशव्या मोजून परत घ्यायच्या, आकडा जुळल्याशिवाय गाडी हलायची नाही.

मशीन परवडत नाही म्हणून घमेल्यात कोळसे पेटवून लोबानाचा धूर करण्याची जुनी पद्धत आहे. खिडक्यांना काळं कापड ठोकलेल्या खोलीत ती करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसाला आधी डोकं दुखल्यासारखं वाटतं आणि मग उठताच येत नाही. फॉग मशीनचंही द्रव टाइल्सवर बसतं आणि फरशी तेलकट होते. धावायचा शॉट असेल तर नटाच्या चपलेच्या तळाला रबर चिकटवा आणि दर टेकला फरशी कोरडी पुसा.

याच ओघात सांगतो: जुना काळ दाखवायचा म्हणून बाहेर पडण्याच्या मार्गाच्या हिरव्या पाट्या काढल्या जातात आणि मागच्या जिन्यात फर्निचर रचलं जातं. पाटी शॉटपुरती झाका, जिना कधीच अडवू नका. लाकडी बाल्कनीच्या कठड्याला टेकून कोणालाही उभं करण्याआधी तो हलवून बघा, पावसाळी ठिकाणी तो आतून कुजलेला असतो. आणि जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट मरणासाठी वापरू नका. पाच बाय पाचचा प्लायचा डबा, समोर जाळी, आणि फटीतून वरून खाली सरकणारा एक दिवा एवढ्यात लिफ्ट चालल्याचा भास होतो. दर मजल्याला तीन सेकंद धरा.

भुताच्या चेहऱ्याबद्दल थोडक्यात. लेटेक्स किंवा गोंदाची चाचणी नटाच्या हाताच्या आतल्या बाजूला चोवीस तास आधी घ्या. पूर्ण मुखवटा चढवायला अडीच-तीन तास जातात आणि घामानं कडा सुटू लागतात, म्हणून भुताची सगळी दृश्यं सलग लावा. पांढऱ्या लेन्सा दोन नटांत वाटून वापरायच्या नाहीत, त्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडून मापानं घ्यायच्या. त्या घातल्यावर दिसत नाही, तेव्हा जिन्यावर भुताचा हात धरणारा माणूस नेमलेला हवा. फॉगमध्ये डोळे कोरडे पडतात, त्यामुळे लेन्स आणि धूर शक्यतो एका शॉटमध्ये नकोत.

ध्वनीवर पैसे वाचवू नका. प्रेक्षक अंधुक चित्र चालवून घेतो, फाटलेली किंकाळी नाही. कुजबुजीला लावलेल्या पातळीवर किंकाळी आली की ती कायमची फाटते. दुसऱ्या ट्रॅकवर दहा-बारा डेसिबल खाली तीच नोंद घ्या, किंवा ३२ बिट फ्लोटचा (मोठा आवाजही न फाटता टिपणारा) रेकॉर्डर भाड्यानं आणा. किंकाळ्या दिवसाच्या शेवटी, दोन-तीनच, नाहीतर दुसऱ्या दिवशी नटाचा घसा बसतो आणि संवाद जातात. पॅसेजमध्ये आवाज घुमतो, तेव्हा कॅमेऱ्यामागच्या भिंतीला हॉटेलच्याच गाद्या उभ्या करा. फ्रिज बंद करा आणि प्रत्येक खोलीची नुसती शांतता मिनिटभर नोंदवा. वाराचा आवाज सेटवर मिळत नाही. कोबीचा गड्डा, ओला टॉवेल, ताज्या शेवग्याच्या शेंगा मोडताना येणारा कडकडाट, यांतून हाडामांसाचं सगळं काम होतं.

शेवटचा रकाना सेन्सॉर प्रमाणपत्राचा. अशा सिनेमाला बहुधा 'ए', म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं, मिळतं, आणि 'ए' असलेला सिनेमा टीव्हीवर दाखवता येत नाही. त्यासाठी कापून पुन्हा प्रमाणपत्र घ्यावं लागतं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर 'यूए'चे ७, १३ आणि १६ वर्षांवरचे असे तीन गट झाले आहेत. म्हणून प्रत्येक मरणाचा एक बिनरक्ताचा पर्याय त्याच रात्री, कोऱ्या कपड्यांत, रक्त लावण्याआधी घेऊन ठेवा: भिंतीवरची सावली, दाराखालून सरकणारा उजेड, ऐकणाऱ्याचा चेहरा. सेटवर त्याला दहा मिनिटं लागतात. पुढे हॉटेल पुन्हा भाड्यानं घ्यायचं तर ते परवडणार नाही. आणि पुष्कळदा संकलक मुख्य आवृत्तीतही हाच शॉट ठेवतो.

यापुढे संहितेच्या पहिल्या वाचनाला आम्हाला बोलावताना हा तक्ता सोबत असावा. त्यात जागा, मजला, हत्यार, रक्त किती लिटर, कपड्यांचे जोड, पुसायची मिनिटं, विजेचा स्रोत, झाकलेले डिटेक्टर, सफाईची मजुरी आणि बिनरक्ताचा पर्याय एवढं भरलेलं असावं. रकाने कोरे असतील तर ते भरायला आम्ही तुमच्यासोबत बसू, त्या बैठकीचं मानधन मागणार नाही. तक्ताच नसेल तर रात्रीच्या शिफ्टला होकार देणार नाही.

कळावे,
आपले,
कला, रंगभूषा, प्रकाश आणि ध्वनी या खात्यांत काम करणारे काही तंत्रज्ञ